जिन्यातला टब

टबाचं माप चुकलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आजही कुणी विषय काढला की मापकाका तेच सांगतात, आणि शपथेवर सांगतात. टब जिन्यात अडकला, हे खरं. तो ना वर जाईना ना खाली येईना, हेही खरं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर तो असा काही ठाण मांडून बसला, की वरच्या लोकांना त्याच्यातून ये-जा करावी लागली. हे तर सगळ्या इमारतीने पाहिलंय, तेव्हा नाकारून उपयोग नाही. पण माप? छे! माप अगदी बरोबर होतं.

मापकाका म्हणजे वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. दुकानातला तराजू खरं बोलतो की खोटं, लिटरच्या मापात लिटरच मावतं की दोन घोट कमी, हे बघायचं आणि खरं निघालं की हातोडीने त्यावर शिक्का ठोकायचा, ही त्यांची उभ्या आयुष्याची नोकरी. खरं नाव कागदोपत्री आहे, पण इमारतीत सगळे मापकाकाच म्हणतात. बायकोला ओघानेच मापकाकू व्हावं लागलं. लग्नाच्या वेळी तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, असं ती अधूनमधून म्हणते.

तर या मापकाकांची झोप उडाली. लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि घर शांत झालं, तेव्हापासून म्हणा, किंवा त्याच्याही आधीपासून म्हणा. अंथरुणावर पाठ टेकली की मेंदूत दुकान उघडायचं. गॅस बंद केला का? नळ नीट फिरवला का? मागच्या महिन्यात ज्या तेलवाल्याच्या मापावर शिक्का मारला, त्याच्या मापाच्या बुडाला पोचा तर नव्हता ना? एवढ्यात जरा डोळा लागावा, तर पोटरीत गोळा यायचा आणि काका "मेलो, मेलो!" करत ताडकन उठून बसायचे. काकू बिचारी दर वेळी घाबरून उठायची, पोटरी चोळून द्यायची. शेवटी एक दिवस तिने आपली उशी उचलली आणि लेकीच्या खोलीत जाऊन ठेवली.

"अगं, हे काय?"

"काही नाही हो. तुम्हाला नीट झोप लागायला लागली, की येते परत."

बोलली ती साधंच, रागावून नव्हे. पण काकांच्या ते जिव्हारी लागलं. पलंगावर शेजारची जागा रिकामी, चादरीला सुरकुती नाही. त्या रिकाम्या जागेकडे बघत जागं राहणं हे पोटरीतल्या गोळ्यापेक्षा वाईट, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मनातून मात्र त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. ती उशी परत जागेवर यायला हवी होती.

त्यातच डावी पापणी फडफडायला लागली. घरी फडफडली तर फडफडू दे, पण ती फडफडायची बरोबर कामाच्या वेळी. एका धान्याच्या दुकानात काका तराजू तपासत होते. काट्यात किंचित फरक होता. काका गंभीरपणे म्हणाले, "यात फरक आहे." आणि पापणी फडफडली. दुकानदार क्षणभर बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. त्यानेही डोळा मारला आणि आतून एक गच्च भरलेलं पाकीट आणून काकांच्या पुढ्यात ठेवलं.

"एवढ्या वर्षांत आज बोललात साहेब," तो प्रेमाने म्हणाला. "आम्हाला वाटायचं, तुम्हाला चालतच नाही."

ज्या माणसाने आयुष्यात दुकानदाराच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही, त्याच्यावर ही वेळ! काका असे काही लालबुंद झाले, की दुकानदाराने घाबरून आणखी एक पाकीट आणलं. त्या संध्याकाळी काकू त्यांना हाताला धरून तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, आणि दोन दिवसांनी रिपोर्ट वाचून चष्मा कपाळावर चढवला. "मॅग्नेशियम कमी आहे तुमचं. ॲसिडिटीची गोळी किती वर्षं घेताय?"

"सुरुवातीपासून," काका म्हणाले.

"कसल्या सुरुवातीपासून?"

"नोकरीच्या."

"आणि मला आज सांगताय! अहो, ती वर्षानुवर्षं घेतली की मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. मग पोटरीत गोळे, पापणी फडफडणं, धडधड, झोप नाही, उगीचच काळजी. सगळंच एकट्या त्याच्यामुळे असेल असं नाही, काळजी करायला तुम्ही मूळचेच हुशार आहात. पण ते भरून काढू. जुनी गोळी बदलते, या नव्या गोळ्या घ्या, पालक खा, भोपळ्याच्या बिया खा, आणि दिवसभर चहा ढोसणं कमी करा."

इतकं सरळ काम. दुसरं कुणी असतं तर गोळी गिळून मोकळं झालं असतं. पण काकांनी घरी येऊन बाटलीवरचा मजकूर वाचला, कपाटातून आपला नाजूक काटा काढला आणि एकेक गोळी तोलली. एक गोळी दुसरीपेक्षा केसभर हलकी भरली. झालं! काकांनी सगळ्या गोळ्या लिफाफ्यात घातल्या, लाख वितळवून त्यावर सील ठोकलं, 'नमुना' असं लिहिलं आणि लिफाफा कपाटात ठेवून दिला.

"अहो, ते औषध आहे!" काकू कळवळून म्हणाली.

"आता तो पुरावा आहे," काका म्हणाले.

औषधाचा पुरावा झाला म्हटल्यावर दुसरा उपाय शोधणं आलं, आणि उपायांना आमच्याकडे कधी तोटा नसतो. तळमजल्यावर कुंडीवाल्या आजी राहतात. त्यांच्या कुंड्या दारात, खिडकीत, जिन्याखाली, आणि हळूहळू दुसऱ्यांच्या दारातही. त्यांना कसं कळलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांना अडवलं. "मॅग्नेशियम ना? अरे, ते तर मी गुलाबांना घालते! एप्सम मीठ. पानं पिवळी पडली की मूठभर टाकायचं, आठवड्यात हिरवीगार. माणसांनी त्याच्या गरम पाण्यात बसायचं असतं. माझ्या भाच्याच्या सासूने केलं होतं."

"मग काय झालं त्यांचं?"

"उत्तम झालं. तिच्याकडे टब होता पण."

काकांनी जिन्यात डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं. त्या घाईत होत्या. "बसा की. गरम पाण्याने बरं वाटतं. पण कातडीतून मॅग्नेशियम आत जातं, असं काही खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा गोळ्या..." पण काकांनी ऐकलं ते 'बसा की' एवढंच. पुढचं वाक्य त्यांच्या हिशेबी वेष्टनासारखं होतं, आणि वेष्टन वजनात धरत नाहीत.

बादलीत पाय बुडवून भागलं असतं. काकू तेच म्हणत होती. पण अर्धवट काम काकांना मान्य नाही. शिवाय मनात ती उशी होती, तिच्यासाठी नुसते पाय बुडवणं त्यांना अपुरं वाटलं. गावात एक जुनं हॉटेल मोडीत निघालं होतं, तिथे बिडाचा टब होता. पांढराशुभ्र मुलामा, गोल वळलेला काठ, खाली सिंहाच्या पंजासारखे चार पाय. काका त्या टबाच्या प्रेमात पडले. त्यांनी खात्याची प्रमाणित पोलादी टेप काढली आणि टब मोजला. लांबी, रुंदी, खोली. दोनदा मोजला. मग घरी येऊन दार मोजलं, न्हाणीघर मोजलं, जिना मोजला, जिन्याचं वळण मोजलं. सगळीकडून टब आरामात बसत होता.

"नक्की ना हो?" काकूने विचारलं.

"माप मी घेतलंय," काका म्हणाले. या वाक्यावर आजवर कुणी अपील केलेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी हमाल टब घेऊन आले. बिडाचा टब म्हणजे काय वजन असतं, ते त्या हमालांच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांवरून कळत होतं. पहिला मजला चढला. वळणावर टब तिरका केला, आणखी तिरका केला, कुणीतरी "जोर लावा!" म्हणालं, आणि खर्रर्र असा आवाज होऊन तो भिंत आणि कठडा यांच्यामध्ये घट्ट रुतून बसला. वर ढकलला, हलेना. खाली ओढला, हलेना. मुकादमाने घाम पुसला.

"साहेब, माप कुणी घेतलं होतं?"

तोपर्यंत वरून खालून शेजारी जमले होते. काकांनी टेप काढली आणि सगळ्यांसमक्ष टब पुन्हा मोजला. म्हणजे त्यांनी टेप टबाच्या आत टाकली, आतल्या एका भिंतीपासून आतल्या दुसऱ्या भिंतीपर्यंत. "बघा! बरोबर आहे!"

"अहो साहेब, पण तुम्ही आतून मोजताय," मुकादम म्हणाला.

"भांडं आतूनच मोजतात!" काका ओरडले, आणि ओरडता ओरडताच त्यांचा चेहरा पडला.

जन्मभर त्यांनी भांडी आतून मोजली होती. लिटरचं माप आतून बरोबर आहे की नाही एवढंच सरकारला हवं असतं. पत्रा किती जाड, काठ किती वळलेला, त्याच्याशी कायद्याला काही देणंघेणं नाही. टबसुद्धा त्यांनी त्याच सवयीने मोजला होता. बिडाची जाडी, गोल वळलेला काठ आणि ते सिंहाचे पंजे, सगळं हिशेबाच्या बाहेर राहिलं होतं. पापणी फडफडली. मुकादमाला वाटलं, साहेब जास्तीचे पैसे कबूल करतायत, त्यामुळे तो उगीचच खूश झाला.

"कठडा कापला तर निघेल," तो म्हणाला.

"कठडा?" मागून आवाज आला. हे सोसायटीचे सेक्रेटरी. तेही काकांसारखेच दुसऱ्या मजल्यावर राहणारे. "कठडा सामाईक मालमत्ता आहे. सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय त्याला कुणी बोट लावायचं नाही. आणि सामाईक जिन्यात वस्तू ठेवायलाही मनाई आहे. म्हणजे टब काढलाच पाहिजे, आणि काढता येणार नाही." नियमांचा असा सुंदर पेच पडलेला बघून त्यांचा चेहरा फुलला होता. "उद्या सकाळी तातडीची सभा!"

हमाल दुसऱ्या कामाला निघून गेले. वर राहणाऱ्यांना आता घरी जायचं तर एकच वाट होती, टबात उतरायचं आणि पलीकडच्या काठावरून बाहेर पडायचं. "चपला काढा हो आधी, पांढरा आहे तो!" असं आजी खालून ओरडत होत्या, जणू टब त्यांचाच. कुणी भाजीची पिशवी घेऊन टबातून गेलं, कुणी सायकलचं चाक घेऊन गेलं. डॉक्टरीणबाई पदर खोचून टबात उतरल्या. "गोळ्या घेताय ना?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता त्या पलीकडे चढल्या. जाणारा प्रत्येक जण काकांच्या दाराशी थांबून "माप चुकलं वाटतं" असं म्हणून जायचा. काका आतून कडी लावून बसले.

"उद्या मी सभेला जाणार नाही," ते म्हणाले. "हसतील सगळे."

"हसू देत की," काकू म्हणाली. "हसण्यासारखंच आहे ते." आणि तिला स्वतःलाच हसू आवरेना. काकांनी दुखावल्या नजरेने पाहिलं, तशी ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली.

सभा रविवारी सकाळी भरली ती जिन्यातच. टबाच्या वरच्या पायऱ्यांवर वरचे लोक, खालच्या पायऱ्यांवर खालचे. सेक्रेटरी टबाच्या काठाला टेकून उभे. त्यांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि त्यांचा आवाज भरून आला. "सभासदहो, आज गणसंख्या पूर्ण आहे! मी सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वरच्यांना टबातून जायचा कंटाळा आल्यामुळे सगळेच घरी सापडले होते, हा भाग वेगळा.

काकू काकांना घेऊन आली होती, म्हणजे ओढूनच. सेक्रेटरींनी घसा खाकरला. "आता सभासदांनी खुलासा करावा. न्हाणीघरात बादली असताना टब कशासाठी?"

काकांनी खुलासा पाठ केला होता. कंबरदुखी, वैद्यकीय सल्ला वगैरे. पण त्यांनी समोर पाहिलं. इमारतभरचे डोळे, एकूणएक ओळखीचे. पापणी फडफडायला लागली आणि तोंडातून भलतंच निघालं.

"मला झोप येत नाही हो," काका म्हणाले. "कितीतरी महिने झाले. पोटरीत गोळे येतात, छातीत धडधडतं, गॅस बंद केला की नाही ते तीनतीनदा बघून येतो. ही दुसऱ्या खोलीत झोपते. मला वाटलं, टबात बसलो की झोप लागेल, आणि ही परत येईल. म्हणून आणला. आणि माप... माप चुकलं."

कुणी हसलं नाही. काकूने हळूच त्यांच्या दंडाला धरलं.

मग सेक्रेटरी एकदम म्हणाले, "मी पाचदा बघतो."

"काय?"

"गॅस. मी पाचदा बघतो. आणि मग पंपाचं बटण." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे इतिवृत्तात घेऊ नका."

मग काय, बांधच फुटला! कुणाच्या पोटरीत गोळे, कुणाची पापणी उजवी, कुणी पहाटेपर्यंत छत मोजत पडलेला. आजी म्हणाल्या, "मी तर कुंड्यांशी बोलत बसते." डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मी तिसऱ्या मजल्यावर आहे ना! एकेकजण या की माझ्याकडे! आणि झोप म्हणाल, तर मलाही येत नाही. तुम्ही सगळे वेळीअवेळी बेल वाजवता म्हणून."

आता हसू फुटलं, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने काका हसले. इतक्या महिन्यांत काकूने ते हसणं ऐकलंच नव्हतं.

"टब तर आहेच," आजी म्हणाल्या. "मीठ माझ्याकडे पोतंभर आहे. गुलाब थांबतील थोडे."

वरून बादल्या आल्या, खालून बादल्या आल्या. टबाच्या भोकाला बूच नव्हतं. काकांनी घरातून कामाची पिशवी आणून तिच्यातली लाख काढली, भोकावर पत्र्याचा तुकडा बसवून ते लाखेने बंद केलं आणि सवयीने त्यावर शिक्काही ठोकला. आजींनी मीठ ओतलं. मग सगळी सभा टबाच्या काठाभोवती बसली, आणि ज्याचे पोचतील त्याचे पाय पाण्यात. सेक्रेटरींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि "सभा पुढे चालू," असं म्हणत पाय बुडवले. मानाची जागा म्हणून काकांना आत बसवलं, बनियन-लेंग्यासकट. कोमट पाणी छातीपर्यंत, आजूबाजूला शेजाऱ्यांचे पाय.

तेवढ्यात काकू वर जाऊन आली. तिच्या हातात तो लिफाफा होता.

"अगं, सील आहे त्याला!" काका दचकले.

"होतं," काकू म्हणाली, आणि सगळ्या सभेसमोर तिने ते फोडलं. "घ्या. हलकी आहे ती नको, जड आहे ती देते."

काकांनी एकवार डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. काकांनी गोळी गिळली.

"एका गोळीने काही होत नसतं हां," बाई म्हणाल्या. "रोज घ्यायची, आणि महिन्याने मला दाखवायचं."

सेक्रेटरींनी कठड्याचा विषय मांडला. कापायचा की सुटा करायचा, खर्च कुणी करायचा, पुन्हा बसवायचा तर रंग कुठला. वरच्यांचं एक मत, खालच्यांचं दुसरं. आवाज चढले. आणि अचानक आजींनी तोंडावर बोट ठेवलं.

काका झोपले होते. मान काठावर कलंडलेली, तोंड किंचित उघडं, आणि एक बारीकसं, समाधानी घोरणं. काकू पुढे वाकली आणि तिने डावी पापणी बघितली. पापणी शांत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने कुणाला दिसू दिलं नाही, पण सगळ्यांना दिसलं.

पुढची सगळी सभा कुजबुजत झाली. ठराव हात वर करून मंजूर झाला, हूं की चूं न करता. कठडा सोमवारी सुटा करायचा, आणि तोवर टबाला कुणी हात लावायचा नाही. मग एकेकाने पाय पुसले आणि चपला हातात घेऊन लोक आपापल्या घरी गेले. आजींनी एक तांब्या पाणी जाताजाता गुलाबांना नेलं. टबातलं पाणी काढायचं कसं, हा प्रश्न होताच, पण काकूने हळूच शिक्का फोडला आणि पाणी जिन्यावरून खाली जाऊ दिलं. सामाईक जिना धुऊन निघाल्याबद्दल सेक्रेटरींनी तक्रार केली नाही.

काकांना जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर चादरी होत्या, त्यातली एक सेक्रेटरींची. अंग हलकं वाटत होतं, डोकं स्वच्छ. आणि डोक्याखाली काहीतरी मऊ होतं. त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. काकूची उशी.

काका टबाबाहेर पडले आणि उशी छातीशी धरून घरी आले. बोळकांडीत ते थबकले. डावीकडे लेकीची खोली, उजवीकडे त्यांची. झोप लागली होती खरी, पण एका दुपारचीच. त्यावर हक्क सांगावा की नाही, त्यांना कळेना. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"अगं, ही उशी कुठे ठेवू?"

भांड्यांचा आवाज थांबला. मग काकूचा आवाज आला.

"पलंगावर ठेवा की, तुमच्या उशीशेजारी. दोन्ही बसतात. माप मी घेतलंय." आणि जरा थांबून ती म्हणाली, "बाहेरून."